जोडे शिवणारा घटनाकार

नागरिकशास्त्र शिकवताना मला हमखास एक प्रश्न येई. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आणि गोव्याचा १. मग अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना रॉजर शर्मन या गृहस्थांची ओळख होते.

शर्मन यांचा जन्म १७२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधला. शालेय शिक्षण बेताचे. तरुणपणी ते जोडे शिवत. पुढे कनेक्टिकटमध्ये त्यांनी जमीनमोजणीचे काम केले, पंचांगे छापली आणि घरीच कायद्याची पुस्तके वाचून १७५४ मध्ये ते वकील झाले. नंतर आमदार, न्यायाधीश, न्यू हेवन शहराचे महापौर अशी पदे त्यांनी सांभाळली. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या पाच जणांच्या समितीतही ते होते.

त्यांची खरी कसोटी लागली ती १७८७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत. मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान राज्यांना भीती, की मग आपले कोण ऐकणार? परिषद मोडते की काय, अशी वेळ आली. शर्मन यांनी ११ जूनला सुचवले, की एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा असाव्यात आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान मत असावे. आधी ही सूचना फेटाळली गेली. अखेर १६ जुलैला याच धर्तीची तडजोड पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी मंजूर झाली. एका मताने परिषद तरली!

पण या समेटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब त्याच तडजोडीत होता. मताचा हक्क मात्र गुलामांना नव्हताच. गुलामांचा व्यापार शर्मन यांना निंद्य वाटे. तरीही दक्षिणेकडची राज्ये फुटू नयेत म्हणून, १८०८ पर्यंत त्या व्यापारावर बंदी न घालण्याचे कलम त्यांनी मान्य केले. देश एकत्र राहिला. किंमत मोजली ती सभागृहात ज्यांना आवाजच नव्हता त्यांनी.

१७९३ मध्ये सिनेटर असतानाच शर्मन वारले. समेट घडवणारा माणूस मोठा, यात शंका नाही. पण समेट झाला असे ऐकले, की मी आता आणखी एक प्रश्न विचारतो : त्या बैठकीला कोणाला बोलावलेच नव्हते?