लशीचा धोका मोठा की आजाराचा?

रोगप्रतिबंधासाठी मानवाने जी साधने निर्माण केली, त्यांत लशीचे स्थान अनन्यसाधारण आहे. देवीसारखा भयंकर रोग लशीमुळेच पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. तथापि, औषध आजारी माणसाला दिले जाते, तर लस निरोगी माणसाला. त्यामुळे लशीपासून एखाद्याला अपाय झाला, तर समाजमन हादरून जाणे स्वाभाविक आहे.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईत प्लेगची साथ थैमान घालत असताना डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. एका बाटलीतील लस दूषित झाल्याने हे घडले होते. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. त्या बाटलीबाहेरही हजारो लोक प्लेगने मरत होते, याचा विसर मात्र पडला होता.

कोविडच्या संदर्भात हीच तुलना पुन्हा करावी लागली. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेली कोव्हिशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या त्यातील प्रमुख लशी होत. कोव्हिशील्डचे मूळ संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठ व अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनी यांचे. या लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, असे कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केल्याचे वृत्त एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक घरांत चिंता पसरली. वस्तुतः हा दुष्परिणाम २०२१ पासूनच ज्ञात होता.

लशीचे ज्ञात धोके

या विकारात शरीर लशीनंतर चुकीची प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तातील प्लेटलेटना उद्दीपित करतात. परिणामी मेंदू वा पोटातील शिरांत गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेटची संख्या घटते. ब्रिटनमध्ये ५० वर्षांखालील व्यक्तींत पहिल्या मात्रेनंतर सुमारे ५० हजारांत एक असे याचे प्रमाण आढळले. भारतात केंद्रीय समितीने मे २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात अशा २६ संभाव्य घटना नमूद केल्या होत्या. हे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके होते. आपल्याकडील नोंद कळविलेल्या घटनांवरच अवलंबून असल्याने काही घटना निसटल्या असणे शक्य आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. हा विकार लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्भवतो. तीन-चार वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांनी आज त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आजाराची दीर्घ छाया

कोविडचा ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे नेहमीच घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर विकाराची व्याख्या निश्चित केली. आजारानंतर साधारणतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि ज्यांचे अन्य कारण सापडत नाही अशी लक्षणे त्यात येतात. सततचा थकवा, धाप लागणे आणि विचारशक्ती मंदावणे ही त्यांतील प्रमुख होत. मोलमजुरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने असा थकवा म्हणजे रोजगारावरच घाला होय.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोविड झालेल्यांमध्ये वर्षभरात दर हजारी सुमारे ४५ जणांना हृदय व रक्तवाहिन्यांचे अधिकचे विकार जडल्याचे दिसले. हे बहुतांशी प्रौढ व वृद्ध पुरुष होते. त्यामुळे ते प्रमाण तरुणांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

तराजूची दोन पारडी

तुलना करायची तर दोन्ही बाजूंना मोजमाप एकच हवे. इंग्लंडमध्ये लशीची पहिली मात्रा घेतलेल्या सुमारे २ कोटी ९० लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये असे मोजमाप करण्यात आले. अ‍ॅस्ट्राझेनेका लशीनंतरच्या २८ दिवसांत दर एक कोटी व्यक्तींमागे शिरांतील गुठळ्यांच्या ६६ जादा घटना आढळल्या, तर संसर्गानंतर त्याच अवधीत १२,६१४. प्लेटलेट घटण्याच्या जादा घटना अनुक्रमे १०७ व ९३४ होत्या. ज्या गुठळीचे भय लशीबाबत बाळगले जाते, तीच गुठळी आजारामुळे कितीतरी अधिक वेळा होते. फुप्फुसाला वा मेंदूला तिच्यामुळे झालेली इजा पुढे वर्षानुवर्षे भोगावी लागू शकते.

परंतु हिशेब येथे पूर्ण होत नाही. लस घेणाऱ्या प्रत्येकाला लशीचा धोका पत्करावा लागतो. आजाराचा धोका संसर्ग होण्याच्या शक्यतेवर आणि वयावर अवलंबून असतो. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेल्या गणितानुसार साथीचा जोर कमी असताना २० ते २९ वयोगटात १६ आठवड्यांत दर लाखामागे ०.८ व्यक्ती अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचणार होत्या, तर १.१ व्यक्तींना लशीमुळे गंभीर अपाय संभवत होता. साठ ते ६९ वयोगटात हेच आकडे १४.१ व ०.२ होते. म्हणूनच तेथे तिशीच्या आतील व्यक्तींना दुसरी लस देण्याची शिफारस झाली. महाराष्ट्रात त्याच महिन्यात दिवसाला ६० हजारांहून अधिक रुग्ण आढळत होते. अर्थात येथील पारडे निराळे होते.

अपवादही नोंदविला पाहिजे. फायझर व मॉडर्ना यांच्या लशींनंतर काही तरुणांना हृदयाच्या स्नायूंचा दाह झाला. एकूण लोकसंख्येत हा विकार संसर्गामुळेच अधिक होतो. परंतु इंग्लंडमधील अभ्यासात चाळिशीच्या आतील पुरुषांमध्ये मॉडर्नाच्या दुसऱ्या मात्रेनंतर दर दहा लाखांमागे ९७, तर संसर्गानंतर १६ जादा घटना दिसल्या. या दोन्ही लशी भारतातील मोहिमेत वापरल्या गेल्या नाहीत.

शिवाय लस हे अभेद्य कवच नव्हे. लस घेऊनही संसर्ग होतो. अशा व्यक्तींत दीर्घकालीन लक्षणांचा धोका किती घटतो, याविषयीचे निष्कर्ष सुमारे १५ टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत आहेत. मृत्यू व गंभीर आजार यांपासून मिळणारे संरक्षण मात्र याहून पुष्कळ अधिक आहे.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

लशीनंतर घडलेली प्रत्येक घटना लशीमुळेच घडते असे नाही. तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांमार्फत ७२९ मृत्यूंचा अभ्यास केला आणि प्रत्येकाची तुलना हयात व्यक्तींशी केली. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, अतिमद्यपान आणि आदल्या दोन दिवसांतील अतिश्रमाचा व्यायाम या बाबी धोका वाढविणाऱ्या ठरल्या.

विवेकाची कसोटी

आज बहुतेकांनी लस घेतलेली आहे आणि अनेकांना आजारही होऊन गेला आहे. वृद्ध, मधुमेही व क्षीण प्रतिकारशक्तीच्या व्यक्तींना पुढील मात्रेचा लाभ अधिक, तर निरोगी तरुणांना कमी. यास्तव असा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. कोविडनंतर थकवा वा धाप महिनोन्‌महिने टिकली, तर ती अंगावर काढू नये. कोणत्याही लशीनंतर तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पायाला सूज अशी लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे आणि लस घेतल्याचे आवर्जून सांगावे. अशी प्रत्येक नोंद पुढच्या माणसाला उपयोगी पडते.

लाखांत एखाद्याला होणारा अपायही त्या कुटुंबाच्या दृष्टीने संपूर्णच असतो. तो दडविल्याने लसीकरणाचे हित साधत नाही आणि फुगवून सांगितल्यानेही समाजाचे हित साधत नाही. दोन्ही पारड्यांत काय आहे हे जनतेपुढे उघडपणे मांडले, म्हणजे तिचा विश्वास टिकतो आणि त्या विश्वासावरच पुढील साथीचा मुकाबला अवलंबून राहील.