उपाशी कातळावरची फुलं

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेलं की कास पठार लागतं. उंची साधारण 1200 मीटर. सप्टेंबरात इथं सकाळी लवकर पोहोचावं आणि जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तळ्याकडे चालत सुटावं. दमछाक करणारा चढ नाही. पण चिखल, धुकं आणि भणाणता वारा यांतून चालताना संध्याकाळपर्यंत पाय चांगलेच बोलू लागतात.

हेच पठार एप्रिलात पाहिलं तर विश्वास बसत नाही. नुसता तापलेला जांभा! माती कुठं चार बोटं, कुठं तेवढीही नाही, आणि तिच्यातलं सत्त्व दर पावसाळ्यात धुऊन जातं. मोठ्या झाडानं मुळं रोवायची कुठं? त्याची सावली नाही, म्हणून वीतभर उंचीच्या रोपांना हे आभाळ मोकळं मिळतं. पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि सुकून जायचं. माती सकस असती तर ही फुलं इथं दिसलीच नसती.

उकिडवं बसून सीतेची आसवं बघा. नखाएवढं निळं-जांभळं फूल, काडीसारखा देठ. या वनस्पतीला खरी मुळंच नसतात! ओल्या मातीत तिच्या धाग्यांवर खसखशीएवढ्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून ताणून बसते. एखादा सूक्ष्म जीव दाराला टेकला की दार आत उघडतं, पाणी खेचलं जातं आणि त्याबरोबर तो जीवही. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात. मातीत न मिळणारं नत्र ती असं मिळवते. शेजारी दवबिंदू ही वनस्पती तांबूस केसांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडत असते, त्याच भुकेपोटी. लांबून आपल्याला दिसतो तो निळा गालिचा. त्याच्या खाली अशी लाखो दारं उघडमीट करत असतात. मला तर ते कळल्यापासून तिथं मोठ्यानं बोलवत नाही.

पुढं तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा पट्टा. मग तळं, आणि पाण्यावर कुमुदिनीची झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुलं.

यातली बहुतेक रोपं एका पावसाळ्याची. बी धरण्याआधी तुडवलेलं फूल पुढच्या वर्षीचं बीही घेऊन जातं. म्हणून जाल तेव्हा पायवाट सोडू नका. फोटोसाठीसुद्धा नाही.