दंतरोपण : शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आणि नंतरचे दिवस

दात पडला म्हणजे केवळ चर्वणाचे एक साधन गेले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दाताबरोबर जबड्याचे हाडही हळूहळू नाहीसे होऊ लागते. दाताभोवतीचे हाड दातासाठीच असते. चावण्याचा दाब त्यास मिळेनासा झाला की शरीर ते शोषून घेते. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते, आणि या घटीचा बराच मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जातो. कवळी हिरडीवर बसते, तिच्याखालच्या हाडाची ही झीज तिला थांबविता येत नाही. दोन्ही बाजूंच्या दातांच्या आधाराने बसविलेल्या पुलासाठी ते शेजारचे निरोगी दात तासावे लागतात. म्हणून हाडातच नवे मूळ रोवावे, ही कल्पना पुढे आली. हे मूळ म्हणजे टायटॅनियम धातूचा आटेदार खुंट होय. त्यालाच इम्प्लांट म्हणतात. त्याची जाडी सामान्यतः ३.५ ते ५ मिलिमीटर व लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते.

एका अडकलेल्या उपकरणाची गोष्ट

या उपचाराचा पाया एका अनपेक्षित निरीक्षणाने घातला गेला. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वर ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक लहानशी डबी बसवून मज्जेतील रक्तप्रवाहाचे निरीक्षण करीत होते. काम संपल्यावर डबी काढू गेले, तो ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे खुंट बसविले. लार्सन २००६ साली निवर्तले, तोवर ते खुंट चार दशके त्यांच्या उपयोगी पडले. १९८२ साली टोरोंटो येथील परिषदेत हे कार्य जगापुढे आले, आणि तेव्हापासून दंतवैद्यकात या पद्धतीला मान्यता मिळाली.

टायटॅनियमचा हवेशी संपर्क येताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो रक्तात वा लाळेत गंजत नाही आणि शरीर त्याला शत्रू मानीत नाही. बेंगळुरूच्या वाचकास ही धातू अपरिचित नसावी. येथे घडणारी विमाने व उपग्रह यांतही ती वापरली जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूतील इल्मेनाइट हे तिचेच खनिज होय. केरळातील चवरा येथे २०११ पासून टायटॅनियमचा स्पंज, म्हणजे धातूचे प्राथमिक रूप, तयार होऊ लागले.

शस्त्रक्रियेपूर्वी

व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय असो अथवा एखाद्या पेठेतील खासगी दवाखाना असो, पहिल्या भेटीत खुंट बसत नाही आणि बसविला जाऊही नये. पहिले काम म्हणजे हाडाचे मोजमाप. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची उंची दिसते, पण जाडी दिसत नाही. ती त्रिमितीय कोन-बीम चित्रणाने कळते. खालच्या जबड्यातून ओठाच्या संवेदनेची नस जाते. तिच्यापासून साधारण २ मिलिमीटरचे अंतर राखावे लागते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर गालाच्या हाडातील पोकळी असते. हाड अपुरे असल्यास तेथे अस्थिकणांची भर घालावी लागते, आणि मग एकंदर काल काही महिन्यांनी वाढतो.

दुसरे काम रुग्णाच्या प्रकृतीची माहिती घेण्याचे. येथे लपवाछपवी घातक ठरते. मधुमेह असल्यास गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी एचबीए१सी चाचणी केली जाते. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरणे मंदावते व जंतुसंसर्गाची भीती वाढते. अशा वेळी दंतवैद्य शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. रुग्णाने त्याचा विषाद मानू नये, कारण थांबण्याने वेळ जातो, पण घाई केल्यास हाड, पैसा आणि वेळ ही तिन्ही जाण्याची शक्यता असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे रुग्णाने आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. ती देणाऱ्या वैद्याचा व दंतवैद्याचा एकत्र विचार झाला पाहिजे. हाडांच्या ठिसूळपणासाठी अथवा कर्करोगासाठी ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड यांसारखी औषधे पूर्वी घेतली असल्यास तेही सांगावे, कारण त्यांमुळे जबड्याचे हाड क्वचित मृत होऊ शकते. कृत्रिम हृदयझडप असल्याचे सांगणे तितकेच आवश्यक आहे.

तंबाखूचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. धूम्रपान करणाऱ्यांत खुंट निकामी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. निकोटीनने हिरडीतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे जखमेस पोषण कमी मिळते. विडी व सिगारेटबरोबर मिसरी आणि पानातील तंबाखू यांचाही विचार यात यावयास हवा. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून व नंतर खुंट हाडात रुजेपर्यंत तंबाखू वर्ज्य करावी. कायमची सुटली तर अधिकच उत्तम.

हिरड्यांना सूज अथवा पू असल्यास त्याचा उपचार आधी होतो. तोंडातील इतर रोगट दात तसेच ठेवून नवा खुंट रोवणे म्हणजे तण न काढता पेरणी करणे होय.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

बहुधा स्थानिक भूल पुरते. त्यासाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नसते; नेहमीचा हलका आहार व नेहमीची औषधे घेऊन यावे. गुंगीचे औषध द्यावयाचे असेल तरच उपवासाची निराळी सूचना मिळते, आणि त्या वेळी घरी नेण्यास सोबत माणूस हवे. भूल असल्यामुळे वेदना होत नाही. दाब व कंप मात्र जाणवतो. हिरडी उघडून हाडात टप्प्याटप्प्याने भोक मोठे करीत नेतात. या वेळी सतत खारे पाणी सोडले जाते. त्याचे कारण असे की हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर राहिले तरी तेथील हाडास इजा होते, आणि मृत हाडात खुंट रुजत नाही. एका खुंटास सामान्यतः तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. शेवटी टाके घालतात.

पहिले काही दिवस

भूल उतरेपर्यंत गरम पदार्थ घेऊ नयेत व ओठ चावला जाऊ नये याची काळजी घ्यावी. लाळेत किंचित रक्त दिसणे स्वाभाविक आहे. पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये व नळीने ओढून पेय पिऊ नये. रक्ताची गुठळी हलली तर जखम पुन्हा उघडते. गालावर बाहेरून बर्फाचा शेक द्यावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरते. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच तोंड धुवावे. दहीभात, मऊ इडली, निवविलेली आंबील हे पदार्थ या काळात योग्य. नाचणीचा मुद्दा न चावता गिळण्याची कर्नाटकातील रीत येथे सोयीची ठरते. तो गरम मात्र नसावा. टाके बहुधा ७ ते १० दिवसांनी काढतात.

रक्त न थांबणे, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत जाणे, ताप, पू, अथवा भूल उतरून गेल्यावरही खालचा ओठ बधिर राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब दंतवैद्याकडे जावे. बधिरतेबाबत तर एक दिवसही वाट पाहू नये.

फसवा तिसरा आठवडा

रुग्णाची खरी परीक्षा वेदना संपल्यावर सुरू होते. आरंभी खुंट घट्ट असतो तो केवळ आट्यांच्या पकडीने. पुढे भोकाच्या कडेचे जुने हाड शरीर शोषून घेते आणि त्याच्या जागी नवे हाड घालते. शोषणाचे काम आधी होते, भरणीचे मागाहून. त्यामुळे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात खुंटाची पकड सर्वांत क्षीण असते. नेमक्या याच वेळी सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते, आणि रुग्णाला चकली वा उसाचा तुकडा खावासा वाटतो. या काळात खुंट मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा जरी वारंवार हलला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा संभव असतो. तसे झाल्यास खुंट काढावा लागतो. म्हणून न दुखणे ही बरे झाल्याची खूण मानू नये.

खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने व वरच्या जबड्यात, तेथील हाड विरळ असल्याने, चार ते सहा महिने थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. निवडक रुग्णांत दात लवकरही बसवितात. तो निर्णय हाडाची घनता पाहून दंतवैद्यच घेतात. खुंट रुजल्याची खात्री झाल्यावर त्यावर जोडखांब व शेवटी दाताचे टोपण बसते.

नंतरची जबाबदारी

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक लवचीक थर असतो. तो धक्का सोसतो व खडा चावला गेल्याची सूचना तत्काळ देतो. खुंटाला हा थर नसतो. म्हणून नव्या दाताने सुपारी फोडणे वा बाटलीचे झाकण उघडणे धोक्याचे आहे. खुंट किडत नाही हे खरे. पण त्याच्याभोवतीच्या हिरडीवर जंतूंचा थर साचला, तर हाड झिजू लागते, आणि ही झीज पुष्कळदा न दुखता होते. दररोज दोनदा घासणे, दातांच्या फटी स्वच्छ करणे आणि दंतवैद्याने ठरविलेल्या वेळी तपासणी करून घेणे, एवढे पथ्य जन्मभराचे आहे.

योग्य निवड व योग्य निगा असल्यास दहा वर्षांनंतरही शेकडा ९० हून अधिक खुंट कार्यक्षम राहतात. धातू आपले काम करते, दंतवैद्य आपले करतो. परंतु हाड भरून येण्यास लागणारे महिने कोणालाही कमी करता येत नाहीत. ते धीराने घालविणे हा रुग्णाच्या वाट्याचा उपचार होय.