तळहातावरचा यंत्रयोद्धा: लहान युद्धप्रतिमांची पारख

(रिसोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



बैलबाजारात जाणारा जाणता शेतकरी झूल बघत नाही. दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून बघतो. आणि घरून निघतानाच त्याचं ठरलेलं असतं, की बैल औताला हवा की शंकरपटाला. आजचा विषय आपल्याकडे नवा आहे, पण पारखायची रीत हीच.

विषय आहे टेबलावरच्या युद्धखेळातले छोटे रोबोट. अशा खेळांचं एक जुनं पुस्तक म्हणजे एच. जी. वेल्स यांचं १९१३ मधलं 'लिटल वॉर्स'. त्यात शिशाचे सैनिक मांडून घरात लढाई खेळायचे नियम आहेत. पुढे सैनिकांच्या जागी यंत्रं आली. १९८४ मध्ये अमेरिकेत फासा कंपनीनं 'बॅटलड्रॉइड्स' हा खेळ काढला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव 'बॅटलटेक' झालं आणि तो आजही खेळला जातो. नकाशावर षट्कोनी घरं असतात, त्यांवर बोटभर उंचीचे रोबोट फिरतात. आता हे रोबोट आपल्या गावातली मुलंही मोबाइलवरून मागवू शकतात. मग प्रश्न येतो: एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे द्यावेत का?

पहिली गोष्ट, प्रमाण. बॅटलटेकमधल्या प्रतिमा १:२८५ या प्रमाणाच्या जवळपास असतात. म्हणजे १.७ मीटर उंचीचा माणूस तिथे ६ मिलिमीटरचा होतो, आणि १२ मीटर उंच यंत्र साधारण ४२ मिलिमीटरचं. जपानच्या बांदाई कंपनीचे गंडम रोबोट बहुधा १:१४४ प्रमाणात मिळतात. तिथे १८ मीटरचा रोबोट साडेबारा सेंटिमीटरचा होतो. तो कपाटात छान दिसेल, पण या नकाशावर चालणार नाही. वस्तू चांगली, पण या कामाची नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आठवा. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि महाराज दरवाजापेक्षा मोठे असतात. त्यात काही चुकत नाही, कारण तिथे मोजमाप करायचं नसतं. युद्धखेळात मात्र अंतर मोजतात, कोण कोणाला दिसतो ते ठरवतात. म्हणून दर्जा ठरवण्याआधी विचारायचं: ही वस्तू कशासाठी?

दुसरी गोष्ट, लांबून ओळख. प्रतिमा टेबलावर ठेवा आणि तीन फूट मागे सरका. कोणतं यंत्र आहे हे नुसत्या आकारावरून कळतं का? तोंड कुठल्या दिशेला आहे ते दिसतं का? बॅटलटेकमध्ये पाठीमागून झालेला मारा जास्त लागतो, त्यामुळे दिशा कळलीच पाहिजे. बैठक षट्कोनात मावते का, प्रतिमा टेबलाला धक्का लागला की पडते का, तेही बघा. बारीक नक्षी भरपूर आणि आकार गोंधळलेला, तर ती खेळात कमीच पडते.

तिसरी गोष्ट, हातात घेऊन तपासणी. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे रेघ उमटते. बारीक रेघ चाकूनं खरवडता येते. पण दोन भाग एकमेकांपासून सरकलेले असतील, तर ते दुरुस्त होत नाही. रेझिनच्या ओतकामात हवेचे बुडबुडे शोधा. सिलिकॉनचा साचा थोड्याच नगांनंतर झिजतो, मग कडा बोथट होतात. प्रतिमेवरून साचा काढून केलेली नक्कल तर मुळापेक्षा किंचित लहान भरते, कारण ओतलेला माल थंड होताना किंवा घट्ट होताना आकसतो. मूळ वस्तूची उंची ठाऊक असेल तर साधी पट्टी नक्कल पकडून देते.

आणि रंग? रंग म्हणजे झूल. जाड रंगाखाली खाचा बुजलेल्या असू शकतात.

'जड म्हणजे अस्सल' असं बरेच जण मानतात. जुन्या धातूच्या प्रतिमांत शिसं असायचं, म्हणून त्या जड. शिसं मऊ असतं, कागदावर घासलं तर करडी रेघ उमटते. कधी त्यावर पांढरी भुकटी धरते. अशी वस्तू लहान मुलाच्या हाती देऊ नका, आणि स्वतः हाताळली तर हात धुवा. आजचं चांगलं प्लॅस्टिक हलकं असतं, पण पोलादी साच्यातून निघाल्यामुळे त्याची कड धारदार येते.

आता किंमत. किमतीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, माल आणि साचा. दोन, वाहतूक आणि कर. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. तीन, नाव आणि दुर्मीळपणा. या तिन्हींपैकी दर्जाबद्दल फक्त पहिली बोलते. महाग पडलं म्हणून चांगलं असेल, असं समजू नका. जुन्या वस्तूचं मोल मात्र वेगळ्या हिशेबानं ठरतं: उत्पादन बंद झालंय का, सगळे भाग आहेत का, मूळ डबा आहे का.

इथल्या तरुणांसाठी एक सांगतो. रेझिन प्रिंटर आता तालुक्याच्या गावीही आणता येतो. थर ०.०५ मिलिमीटरचे ठेवले तर काम सुबक येतं. पण कच्चं रेझिन कातडीला अपायकारक असतं, तेव्हा हातमोजे घाला. प्रतिमा चिकट लागत असेल तर ती पुरती पक्की झालेली नाही, विकू नका. दुसऱ्याची रचना छापून विकणं ही चोरीच आहे. आणि स्वतःची रचना विकताना नुसत्या रेझिनचा हिशेब करू नका. आखणीचे तास, बिघडलेले नग, घासकाम, हे सगळं किमतीत धरा. आपल्याकडचे कारागीर इथेच मार खातात.

एका ताईंनी विचारलं, मुलगा दहा वर्षांचा आहे, काय घेऊ? ताई, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते आधी बघा. यातल्या पुष्कळ प्रतिमांच्या डब्यावर '१४ वर्षांवरील' असं लिहिलेलं असतं, कारण त्यांना टोकं असतात आणि बारीक भाग सुटतात. खेळ मात्र पुठ्ठ्याचे तुकडे ठेवूनही खेळता येतो. आधी तसा चार-सहा महिने खेळू द्या. त्याला खरंच काय लागतं, ते तोपर्यंत त्यालाच कळेल, आणि मग घेतलेली एक प्रतिमाही पुरेल.