शेंगदाण्याच्या लोण्याची चॉकोलेटी मिठाई : आमिश शेतकऱ्यांच्या घरची एक रीत

भुईमुगाचें पीक आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या शेतांत निघतें. परंतु शेंगा एकदां आडत्याच्या काट्यावर गेल्या म्हणजे पुढें त्यांचें काय होतें याची विचारपूस करण्याचें कारण आपणांस सहसा पडत नाहीं. घरीं दाणा राहतो तो कूट, चटणी, गुडदाणी व उपासाचे लाडू यांपुरता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ह्या दाण्याचा फार मोठा भाग लोण्यासारखा वाटून खाल्ला जातो, आणि त्या लोण्याच्या गोळ्यांस चॉकोलेटचें कवच चढवून केलेली एक मिठाई तेथील आमिश नांवाच्या शेतकरी समाजांत, विशेषतः नाताळच्या सुमारास, घरोघर होते. तिची कृति सोपी आहे. पण दाण्याची निवड, भाजणी व कोरडेपणा यांजकडे दुर्लक्ष झाल्यास मिठाई नुसती बिघडत नाहीं, खाणाऱ्याच्या प्रकृतीसहि अपाय करते. म्हणून कृतीपूर्वीं त्या लोकांविषयीं व त्या दाण्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमिश लोक मूळचे स्वित्झर्लंड व आल्सास या भागांतले. याकोब आमान ह्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनीं १६९३ सालीं आपला पंथ वेगळा केला व त्याच्याच नांवावरून ते ओळखले जाऊं लागले. अठराव्या शतकांत ते पेनसिल्व्हेनियांत येऊन वसले. आज त्यांच्या मोठ्या वस्त्या पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टर, ओहायोंतील होम्स व इंडियानांतील लाग्रेंज ह्या परगण्यांत आहेत. मोटार बाळगावयाची नाहीं, घरांत बाहेरच्या तारेची वीज घ्यावयाची नाहीं, शेतांत घोडे जुंपावयाचे, असा त्यांचा सामान्य नेम. नव्या यंत्राचा ते सरसकट द्वेष करतात अशी समजूत आहे ती मात्र खरी नव्हे. अमुक वस्तु घरांत आल्यानें मंडळी एकमेकांस धरून राहील कीं पांगेल, हें पाहून ती घ्यावी कीं न घ्यावी हें ठरविण्याची त्यांची चाल आहे. म्हणून विजेचे दिवे नसलेल्या घरांतहि गॅसवर चालणारें शीतकपाट आढळतें.

ह्या समाजापुढें आज जो पेंच आहे तो आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. कुटुंबें मोठीं, जमीन तेवढीच, आणि तिचा भाव शेतीच्या उत्पन्नास न परवडण्याइतका चढलेला. त्यामुळें बहुसंख्य आमिश कुटुंबें आतां केवळ शेतीवर पोट भरीत नाहींत. सुतारकाम, दुकानदारी, लहान कारखाने यांकडे तीं वळलीं आहेत. बायका मुरंबे, लोणचीं, पाव व मिठाई करून रस्त्याच्या कडेला, आपल्याच फाटकाशीं मांडलेल्या दुकानांतून विकतात. रविवारीं हीं दुकानें बंद असतात. 'आमिश' म्हणून बाजारांत जें जें विकलें जातें तें सर्व त्यांच्याच हातचें असतें असें नव्हे. पण घरच्या हातानें केलेल्या वस्तूबद्दल त्यांचा जो लौकिक झाला आहे त्याचा फायदा घेण्याचा मोह इतरांस होतो, यावरूनच त्या लौकिकाची किंमत कळते.

विशेष हें कीं ह्या तिन्ही संस्थानांत व्यापारी भुईमूग होत नाहीं. तेथील उन्हाळा त्यास अपुरा. तो पिकतो दक्षिणेकडे, आणि देशांतील सुमारें निम्मा एकट्या जॉर्जिया संस्थानांत. म्हणजे ज्यांच्या शेतांत हें पीक येत नाहीं ते दाणा विकत घेऊन त्याची मिठाई विकतात, आणि ज्यांच्या येतें त्या आपल्यासारख्यांनीं शेंगा विकून मोकळें व्हावें, हा प्रकार आम्हांस थोडा लाजिरवाणा वाटतो.

आमिश मंडळींची प्रार्थना देवळांत होत नाहीं. एक रविवार सोडून ती पाळीपाळीनें एकेकाच्या घरीं होते व नंतर सर्वांची पंगत बसते. त्या पंगतींत पावाबरोबर शेंगदाण्याचें लोणी, साखरेचा पाक व मार्शमेलो नांवाची फेसाळ मिठाई घोटून केलेलें एक लेपन ठरलेलें असतें. स्वस्त, पोटभरीचें व थंड जागेवांचून टिकणारें असें हें खाद्य शे-दीडशें माणसांच्या पंगतीस सोयीचें पडतें यांत नवल नाहीं. दुसरें असें कीं लँकेस्टर शहरापासून ४०–५० किलोमीटरांवर हर्शी हें चॉकोलेटचें गांव आहे. मिल्टन हर्शी यांनीं आपला जुना कारखाना १९०० सालीं विकून तेथें चॉकोलेटचा नवा उद्योग उभारला. त्यांच्याच दूधशेतीवर पूर्वीं नोकरीस असलेले एच्. बी. रीस यांनीं १९२८ सालीं शेंगदाण्याचें लोणी भरलेल्या चॉकोलेटच्या वाट्या काढल्या, आणि ह्या दोन चवींची जोडी देशभर प्रसिद्ध झाली. ओहायोंत हीच मिठाई 'बकाय' म्हणून ओळखली जाते. बकाय हें तेथील एक झाड; त्याच्या तपकिरी फळावर फिका डोळा असतो, तसा गोळ्याचा माथा चॉकोलेटबाहेर उघडा ठेवितात. खरें बकायचें फळ विषारी आहे. मिठाईनें त्याचें केवळ रूप घेतलें आहे.

शेंगदाण्याच्या लोण्याचें पहिलें पेटंट कॅनडांतील मार्सेलस एडसन यांस १८८४ सालीं मिळालें. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनीं तें शोधून काढलें असें जें सांगतात तें चूक आहे; कार्व्हरांची खरी कामगिरी ही कीं १९१६ च्या आपल्या पत्रकांत त्यांनीं भुईमुगाची लागवड व खाण्याचे १०५ प्रकार गरीब शेतकऱ्यांस समजेल अशा भाषेंत दिले. पुढें १९२० नंतर जोसेफ रोझफील्ड यांनीं तेलाचा थोडा अंश घट्ट करून लोण्यावर तेल सुटूं न देण्याची युक्ति काढली. बाजारांतील बरणी व घरचें लोणी यांतला फरक बहुतांशीं ह्या युक्तीचा आहे, व तो मिठाई करतांना आडवा येतो. तें पुढें सांगूं.

आतां दाणा. आपल्याकडच्या एस. बी. ११, जे. एल. २४, टी. ए. जी. २४ ह्या उपट्या जाती स्पॅनिश वर्गांतल्या. त्यांचा दाणा लहान, गोल व तेलानें भरलेला. अमेरिकेंत लोण्यासाठीं बहुधा 'रनर' वर्गाचा दाणा वापरतात, परंतु मिठाईसाठीं स्पॅनिश दाण्यासहि तेथें मान आहे. तेव्हां आपला दाणा ह्या कामास कमी प्रतीचा नव्हे. तेल शेंकडा ४८ ते ५०, प्रथिनें सुमारें २५. २०२० सालीं प्रसारित झालेल्या गिरनार ४ व गिरनार ५ ह्या जातींच्या तेलांत ओलेइक आम्ल शेंकडा ८० च्या आसपास असतें, त्यामुळें तो दाणा व त्याचें लोणी लवकर खंवट होत नाहीं. विक्रीसाठीं लोणी करूं इच्छिणाऱ्यानें ह्या जातींचा विचार अवश्य करावा.

परंतु जातीहून महत्त्वाची गोष्ट बुरशीची. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधींत मेले. शोध करतां त्यांच्या खाद्यांतील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे बोट गेलें, आणि ॲस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीपासून होणारें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उजेडांत आलें. हें विष यकृतास घातक असून दीर्घकाळ पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग होण्यास कारण होतें. भाजल्यानें तें थोडें कमी होतें, नाहींसें होत नाहीं. दाणा वाटला कीं दहा वाईट दाणे हजार चांगल्यांत मिसळून जातात व मग ते वेगळे काढतां येत नाहींत. अमेरिकेंत खाद्यांत ह्या विषाची मर्यादा अब्जांत २० भाग आहे. युरोपांत तर थेट खाण्याच्या दाण्यास ४ भाग. मूठभर बुरसट शेंगांनीं अख्खा माल परत येतो तो ह्यामुळें.

ही बुरशी पुष्कळदां शेतांतच शिरते. शेंगा भरण्याच्या अखेरीस पाण्याचा ताण पडला, कुदळीनें शेंग फुटली, वाळवीनें टरफल पोखरलें, कीं तिला वाट मिळते. काढणीनंतर वेल उलटे, शेंगा वर येतील असे पसरावे; पाऊस येण्याचा संभव असल्यास ढीग करून झांकून ठेवूं नयेत, कारण ढिगांत ऊब धरते. शेंगांतील ओल शेंकडा ८ पर्यंत आली पाहिजे. शेंग हलविली असतां दाणा खुळखुळावा व दोन बोटांत चोळला असतां त्याचें साल सुटावें, ही घरगुती पारख. फोडतांना सोयीसाठीं शेंगांवर पाणी शिंपडण्याची जी वाईट चाल आहे ती खाण्याच्या दाण्यास तरी सर्वथा टाळावी. फोडलेला दाणा सुपांत घेऊन सुरकुतलेले, काळवंडलेले, किडके व हिरवट भुकटी आलेले दाणे एकेक करून वेंचावे. हे वेंचलेले दाणे गुरांस घालूं नयेत. दुभत्या जनावरानें ते खाल्ल्यास विषाचा अंश दुधांत उतरतो.

१०० किलो शेंगांचे सुमारें ७० किलो दाणे होतात; भाजून, सालें व अंकूर काढल्यावर त्यांत आणखी दशांशाची तूट धरावी.

लोणी करण्यासाठीं दाणे जाड बुडाच्या कढईंत मंद विस्तवावर, सतत हलवीत, किंवा भट्टींत १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटें भाजावे. रंग एकसारखा बदामी यावा. बाहेरून करपलेला व आंत कच्चा दाणा लोण्यास निकामी, म्हणून घाई करूं नये. कढईंतून काढल्यावरहि दाणा आपल्याच उष्णतेनें भाजत राहतो. तेव्हां अपेक्षित रंगाच्या किंचित आधीं तो परातींत पसरावा. चोळून पाखडून सालें काढावीं. दाण्याच्या टोकाशीं जो लहान अंकूर असतो तो कडवट. चाळणींत दुभंगलेले दाणे हलविले कीं तो खालीं पडतो. मग कोमट असतांनाच यंत्रांत वाटावे. प्रथम कूट, मग चिकट गोळा, आणि धीर धरल्यास तेल सुटून पातळ लोणी होतें. पाट्यावर वाटलें तरी चालतें, कष्ट मात्र पुष्कळ. शेरास चिमूटभर मीठ पुरे. पाण्याचा थेंबहि घालूं नये. पाण्यानें लोणी आळून घट्ट होतें व पुढें बुरसतें.

मिठाईचें प्रमाण : शेंगदाण्याचें लोणी ४०० ग्रॅम, बाजारचें बिनमिठाचें लोणी ११५ ग्रॅम, पिठीसाखर ४५० ग्रॅम, थोडा व्हॅनिला अर्क, आणि कवचासाठीं काळें चॉकोलेट ३४० ग्रॅम. यांत साठांवर गोळ्या होतात. घरच्या ताज्या लोण्यांत ताकाचा अंश फार असतो म्हणून तें घेऊं नये. त्याऐवजीं ९० ग्रॅम थिजलेलें तूप घ्यावें. साखरेचें वरील माप अमेरिकन जिभेचें आहे व आमच्या मतें फाजील गोड आहे. परंतु साखर केवळ गोडीसाठीं नसून गोळीस अंग देण्यासाठींहि असते, आणि घरचें लोणी बरणीच्या लोण्याहून सैल. म्हणून ३५० ग्रॅम चाळलेल्या साखरेपासून आरंभ करून गोळी हातांत वळूं लागेपर्यंत ती थोडथोडी वाढवावी. गूळ वापरून पाहण्याची इच्छा होईल, पण गूळ ओल ओढतो व गोळी पाझरते. मोठ्या सुपारीएवढ्या गोळ्या वळून कागदावर मांडाव्या व तासभर थंड जागीं ठेवाव्या. आमिश गृहिणीस नाताळच्या दिवसांत ओसरीवरची थंडीच पुरते.

चॉकोलेट हा सर्वांत नाजूक भाग. त्यांतील कोकोचें लोणी ३४ अंशांच्या सुमारास वितळतें. तेव्हां आपल्याकडे हें काम मार्गशीर्ष-पौषांत, सकाळीं करावें, चैत्र-वैशाखांत करूं नये. चॉकोलेटचे दोन भाग गरम पाण्यावर ठेविलेल्या कोरड्या भांड्यांत वितळवावे. वाफेचा थेंब आंत गेला तर तें रवाळ होऊन गोठतें. ४५ अंशांपर्यंत तापल्यावर उतरवून राखलेला तिसरा भाग बारीक करून घालावा व ढवळीत २८ अंशांपर्यंत निववून पुन्हां ३१–३२ अंशांवर आणावें. उष्णतामापक नसल्यास थेंबभर खालच्या ओठास लावावें, तें किंचित गार लागलें पाहिजे. हा खटाटोप न केल्यास कवचावर पांढुरकी बुरशीसारखी झांक येते. ती निरुपद्रवी असली तरी गिऱ्हाइकास पटवितां येत नाहीं. बाजारांत दुसऱ्या वनस्पति-चरबीचें 'कंपाउंड' मिळतें, त्यास हा उपचार लागत नाहीं; चव मात्र उणी. जुन्या अमेरिकन कृतींत चकाकीसाठीं मेण घालीत. तें घालूं नये.

गोळी फार गार असल्यास कवच तडकतें, म्हणून ती चार-पांच मिनिटें बाहेर ठेवून मग दांतकोरणीवर टोंचून बुडवावी, जादा चॉकोलेट निथळूं द्यावें आणि कागदावर ठेवून छिद्र बोटानें लिंपावें.

विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखालीं नोंदणी करावी व वेष्टनावर शेंगदाणा व दूध यांचा उल्लेख ठळक अक्षरांत करावा. शेंगदाण्याचा लवलेशहि ज्यांस सोसत नाहीं अशीं माणसें असतात, व चॉकोलेटखालीं तो दिसत नाहीं. थंडीच्या दिवसांत हवाबंद डब्यांत ही मिठाई दोन आठवडे उत्तम राहते. त्याहून अधिक ठेवणें झाल्यास शीतकपाटांत ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर डबा हवेच्या उष्णतेस येईपर्यंत उघडूं नये, नाहीं तर कवचावर दंव धरतें.