एका वाटीपुरते चॉकलेट

मराठी घरात गोड पदार्थ एकट्यासाठी सहसा होत नाही. शिरा करायचा तर पातेलेभर आणि खीर करायची तर शेजारच्या घरीही वाटी जाईल एवढी. व्रताचे पारणे असो, मुलांचा निकाल असो वा दारी आलेला पाहुणा असो, गोडाचे माप नेहमी सढळच असते. ही सढळता घराची शोभा आहे. परंतु पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरते, त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. अन्न वाया जाऊ नये आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शिळेही राहू नये, म्हणून ते कोणीतरी संपवावे लागते. हे 'कोणीतरी' बहुधा घरातील गृहिणीच असते. पोट भरलेले असताना, भूक नसताना, केवळ भांडे रिकामे व्हावे म्हणून ती दोन घास अधिक खाते.

याच्या अगदी उलट चित्र दुपारी दिसते. घर शांत असते, हातातील कामे आटोपलेली असतात आणि काही गोड खावेसे वाटते. पण 'एकटीसाठी कशाला घाट घालायचा?' असे म्हणून ती डब्यातील दोन बिस्किटांवर भागवते. मुले नोकरीनिमित्त दूर गेलेली आणि घरी दोघेच वृद्ध, अशा घरांतही हीच अडचण असते. पातेलेभर करावे तर संपत नाही, रक्तशर्करेची धास्ती वाटते. आणि न करावे तर जेवणातील गोडी हळूहळू नाहीशी होते. अशा वेळी एका वाटीत, एका व्यक्तीपुरता होणारा चॉकलेटचा केक हा सोयीचा मार्ग ठरतो. त्यात अंडे नाही, मैदा नाही, जिलेटिन नाही आणि पाकिटबंद वस्तूही कोकोवाचून दुसरी नाही.

चॉकलेट म्हटले की साखर आलीच, असा समज आहे. वस्तुतः कोको मुळात कडू असतो. मध्य अमेरिकेतील प्राचीन समाज कोकोच्या बिया भाजून, वाटून त्यांचे कडवट पेय करीत आणि त्यात मिरचीही घालीत. साखरेची संगत युरोपात घट्ट झाली. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांनी बियांतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि आज मिळणाऱ्या कोको भुकटीचा मार्ग खुला झाला. आपल्याकडेही हे पीक परके राहिलेले नाही. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागांत कोकोचे आंतरपीक घेतले जाते आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे.

बाजारातील वडी विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी अवश्य वाचावी. आपल्या देशात हे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. दुधाच्या चॉकलेटवर बहुधा पहिले नाव साखरेचे असते. म्हणजे त्या वडीत कोकोपेक्षा साखर अधिक. बिनसाखरेची कोको भुकटी घरी आणली, तर गोडी किती असावी हे कारखान्याने नव्हे, करणाऱ्याने ठरवायचे असते.

साहित्य (एका व्यक्तीसाठी)

कणीक २ मोठे चमचे, नाचणीचे पीठ १ मोठा चमचा, बिनसाखरेची कोको भुकटी १ मोठा चमचा, बिया काढलेले मऊ खजूर २, कोमट दूध ३ मोठे चमचे, ताजे दही १ मोठा चमचा, साजूक तूप १ लहान चमचा, खाण्याचा सोडा एक चिमूट, मीठ अगदी किंचित, वेलदोड्याची पूड आवडीप्रमाणे. सर्व चमचे सपाट भरलेले घ्यावेत. ज्या घरी चातुर्मासात खजूर वर्ज्य असतो, तेथे २ लहान चमचे किसलेला गूळ दुधात विरघळवून घ्यावा.

कृती

खजूर अर्धा तास दुधात भिजत घालावेत आणि हातानेच चांगले कुस्करावेत. एवढ्याशा मिश्रणासाठी मिक्सर लागत नाही. त्यात दही व तूप मिसळावे. कणीक, नाचणी, कोको, सोडा व मीठ एकत्र चाळून घ्यावे. कोकोच्या गुठळ्या चाळणीतच मोडतात. मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात पाणी उकळत ठेवावे आणि ते उकळू लागल्यावरच कोरडे व ओले मिश्रण एकत्र करावे. सोडा ओला होताच आपले काम सुरू करतो. मिश्रण थांबून राहिले तर केक बसका होतो. पीठ इडलीच्या पिठाएवढे सैल असावे, घट्ट वाटल्यास चमचाभर दूध वाढवावे.

तुपाचा हात फिरवलेल्या वाटीत हे मिश्रण ओतावे. वाटी निम्म्याहून थोडीच अधिक भरावी, कारण केक फुगतो. झाकणाला स्वच्छ फडके बांधावे, म्हणजे वाफेचे पाणी केकवर ठिबकत नाही. मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटे वाफवून सुरीचे टोक मध्यभागी खुपसून पाहावे. ते कोरडे निघाले की केक झाला. पाच मिनिटे निवू द्यावा आणि वाटीतूनच चमच्याने खावा.

मायक्रोवेव्ह असल्यास हेच मिश्रण चिनी मातीच्या कपात सुमारे एक ते दीड मिनिटात होते. स्टीलची वाटी मात्र त्यात कदापि ठेवू नये. तेथे दहा सेकंद अधिक झाले तरी केक चिवट होतो आणि निवल्यावर कडक लागतो. वाफेवरचा केक उशिराने होतो, पण मऊ राहतो.

अंड्याविना हा केक कसा जमतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. केकमध्ये अंडे दोन कामे करते: मिश्रण बांधून ठेवते आणि त्याला हलकेपणा देते. येथे बांधण्याचे काम कणीक आणि खजुराचा गर करतात. दह्यातील आंबटपणा सोड्याशी संयोग पावून वायूचे बुडबुडे निर्माण करतो आणि त्यातून हलकेपणा येतो. सोडा वाढवला म्हणून केक अधिक फुगत नाही. उलट साबणासारखी चव येते.

'आरोग्यदायी' हा शब्द मात्र जपूनच वापरला पाहिजे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते, हे खरे. परंतु एका चमच्यातून त्यातील जेमतेम २५ मिलिग्रॅम मिळते. तेवढ्याने हाडे बळकट होत नाहीत. गूळही शेवटी साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ती पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत, ठेवावी. दोन लहान चमचे गुळात सुमारे १० ग्रॅम साखर जाते. अख्ख्या खजुराबरोबर तंतुमय अंशही पोटात जातो, तरी मधुमेह असलेल्यांनी खजूर आणि पीठ दोन्ही दिवसाच्या आहारात मोजावेत व वैद्यकीय सल्ला घ्यावा. कोकोत ऑक्झलेट अधिक असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही विचारूनच खावे. त्यात थोडे कॅफिनही असते. लहान मुलांना आणि झोप कमी असणाऱ्यांना हा पदार्थ दुपारीच द्यावा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत हे सहजच साधते.

मग या वाटीचा खरा गुण कोणता? तो कोकोत नाही, नाचणीत नाही आणि खजुरातही नाही. तो मापात आहे. पातेल्यासमोर बसून 'आता पुरे' म्हणायला मनाचा निग्रह लागतो, आणि तो थकल्याभागल्या वेळी टिकत नाही. येथे ती मर्यादा भूक चाळवण्यापूर्वी, पीठ मोजतानाच ठरलेली असते. वाटी संपली की पदार्थ संपला. उरले नाही, शिळे राहिले नाही, आणि कोणाला मन मारून संपवावेही लागले नाही.

घरात चौघे असतील तर चार वाट्या एकाच वेळी वाफवता येतात. मात्र त्या वेळी एक वाटी करणारीच्या नावाचीही मोजावी, आणि इतरांबरोबर बसून ती गरम असतानाच तिने खावी.