पाणी शुद्ध झालं, पुढे?

वॉशिंग्टन शहराची राख होऊन दोनशे वर्षं उलटली आहेत. नदीत आणि मातीत मुरलेला किरणोत्सर्ग अजून ओसरलेला नाही. वस्तीच्या वेशीबाहेर बसलेला एक माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याकडे घोटभर स्वच्छ पाणी मागतो आहे. ‘फॉलआउट ३’ या व्हिडिओ गेममधलं हे दृश्य. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये आणलेला हा गेम अणुयुद्धानंतरच्या जगाचा आहे. त्यात बंदुका भरपूर आहेत, पण मुख्य कथा पाण्याची आहे. नायकाचे वडील शास्त्रज्ञ. पोटोमॅकच्या काठी, जेफरसन स्मारकाच्या इमारतीत त्यांनी पाणी शुद्ध करणारा एक प्रचंड प्रकल्प मांडलेला असतो. त्यातच त्यांचा जीव जातो आणि राहिलेलं काम खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं. शेवटी यंत्र सुरू करायला किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत शिरावं लागतं. शिरणारा मरतो, पाणी शुद्ध होतं आणि तिथेच गेम संपतो. ज्या जगात माणसाने दिवसचे दिवस घालवले, त्याचं दार तोंडावर बंद होतं.

यावर चाहते चिडले. चिडण्याची कारणं नीट पाहिली, तर त्यात हट्ट कमी आणि विचार जास्त दिसतो. पहिलं कारण तर्काचं होतं. खेळणाऱ्याच्या सोबतीला फॉक्स नावाचा एक धिप्पाड, विकृत रूपाचा पण सज्जन सोबती असतो. किरणोत्सर्गाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. कथेत आधी एकदा अशाच बाधित खोलीत जाऊन त्याने आपल्यासाठी एक वस्तू आणून दिलेली असते. तोच सोबती शेवटच्या क्षणी आत जायला नकार देतो, हे तुझंच विधिलिखित म्हणतो. ज्याला काही होणार नाही तो बाहेर उभा आणि ज्याचा जीव जाणार तो आत, हे कुणाला कसं पटावं? दुसरं कारण मात्र माझ्या लेखी कितीतरी मोलाचं आहे. पाणी शुद्ध झालं, पण पुढे काय झालं, असं चाहते विचारत होते. ते पाणी कुणाला मिळालं? वेशीवरच्या त्या माणसापर्यंत पोचलं का?

गेमच्या जगात अशा प्रश्नाला उत्तर देण्याची एक सोय असते, तिला एक्स्पान्शन म्हणतात. मूळ गेम विकून झाल्यावर त्याच जगात नवी कथा, नवा प्रदेश किंवा नवे नियम जोडून ती भर वेगळी विकली जाते. पुस्तकाला पुढचा खंड यावा तसं हे आहे. फरक इतकाच की हा खंड लिहिला जात असताना वाचकांचा गलका लेखकाच्या कानावर सतत पडत असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये बेथेस्डाने तीन एक्स्पान्शन जाहीर केली. त्यांतलं तिसरं ‘ब्रोकन स्टील’, आणि त्याचं मुख्य आश्वासन हेच की कथा शेवटाच्या पुढे चालू राहील. चाहत्यांनी सर्वाधिक वाट पाहिली ती याचीच. शेवटानंतरही त्या जगात राहण्याची लोकांना इतकी ओढ असेल याचा आपल्याला अंदाज आला नव्हता, अशी कबुली गेमचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी नंतर दिली. मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ आलं. सोबत्याला आत पाठवण्याची मुभा मिळाली, नायक वाचला आणि दोन आठवड्यांनी शुद्धीवर आला.

शुद्धीवर आल्यावर त्याला जे दिसतं, तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. स्मारकापाशी पाणी स्वच्छ आहे, पण ते वस्त्यांपर्यंत न्यायचं कसं याचा घोळ सुरू झाला आहे. पाण्याचे तांडे पहाऱ्यात निघतात आणि वाटेत लुटले जातात. एक भामटा साधंच पाणी शुद्ध म्हणून विकतो. एक पंथ बाधित पाणी पवित्र म्हणून भाविकांना पाजतो. आणि वाटपाची जबाबदारी अंगावर पडलेला एक कारकून मागणीच्या ओझ्याखाली पार वैतागून गेला आहे. मूळ गेमने शुद्धीकरणाच्या यंत्राला शेवट मानलं होतं. चाहत्यांच्या तक्रारीनंतर जोडलेल्या भागाने दाखवलं की यंत्र सुरू होतं तिथे खरी गोष्ट सुरू होते. तो भाग चाहत्यांनी लिहिला नाही हे खरं, पण त्याची जागा त्यांच्या प्रश्नाने तयार केली.

हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे केज तालुक्यात. त्यावर तहान भागते ती लातूरचीही. २०१६च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती. जायकवाडीचा उजवा कालवा गेवराईवरून माजलगावकडे येतो. पण त्या कालव्यात पाणी येणार की नाही, हे पैठणच्याही वर, नगर-नाशिकच्या धरणांतून किती सोडलं जातं यावर ठरतं. त्यासाठी ‘समन्यायी पाणीवाटप’ असा शब्द कायद्याच्या भाषेत आणावा लागला, २००५चा कायदा करावा लागला आणि दुष्काळी वर्षात तरीही कोर्टाची पायरी चढावी लागते. धरण भरलं म्हणजे हंडा भरला असं होत नाही. मधे टँकर असतो, टँकरची खेप असते, खेपेची नोंद असते आणि ती नोंद करणारा माणूस असतो. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर आज लोक नवल म्हणून पाहायला जातात. तिचं मोठेपण नुसतं खोलीत नाही. तिचं पाणी भूमिगत कालव्यांनी शेतांपर्यंत पोचवलं होतं, हे तिचं खरं मोठेपण.

पाणी आणि त्याची वाहतूक हा विषय या मालिकेच्या मुळातच आहे. १९९७च्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये तळघरात राहणाऱ्या वस्तीचं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडतं आणि नवा सुटा भाग शोधून आणायला खेळणाऱ्याला दीडशे दिवस मिळतात. मुदत संपत आली तर एक वाट असते: व्यापाऱ्यांना पैसे देऊन वस्तीकडे पाण्याचे तांडे रवाना करायचे. त्याने शंभर दिवस वाढून मिळतात. पण त्या तांड्यांच्या येण्या-जाण्यामुळे लपलेल्या वस्तीचा ठावठिकाणा शत्रूला लवकर लागतो. टँकर लावला की आजची नड भागते आणि उद्याची किंमत वाढते, हा हिशोब एका गेमने आकड्यांत बसवला आहे. मराठवाड्यात तो अनेक उन्हाळ्यांत जगून पाहिला गेला आहे.

इथे एक आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात २०१९च्या उन्हाळ्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्या जिल्ह्यात बसून परदेशी गेमच्या चाहत्यांच्या रागलोभाची चर्चा कशाला? शिवाय असे गेम खेळायला महागडा संगणक किंवा कन्सोल लागतो. खेड्यातल्या मुलाच्या हातात फोन आहे, आणि त्या फोनवर बीजीएमआय हा गेम आहे, जो फुकट मिळतो. ही वस्तुस्थिती मान्यच करायला हवी. पण फोनवर खेळणारा मुलगाही चाहता आहे आणि त्याचाही अनुभव हाच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उघडला. ज्या जगात आपण मित्रांसोबत संध्याकाळी घालवल्या त्याचं दार बंद होणं आणि उघडणं दुसऱ्याच कुणाच्या हाती असतं, हे त्यालाही कळलं आहे. तो ज्या नव्या अपडेटची वाट पाहतो, ते त्याचं एक्स्पान्शनच. उरला प्रश्न दुःखाचा खेळ करण्याचा. दुष्काळाची नुसती सजावट करणारा गेम असेल तर त्याचा राग यावाच. पण उसाच्या फडावरच्या आणि छावणीतल्या जगण्यावर कथा-कादंबऱ्या आल्या तेव्हा दुःखाचा विषय निषिद्ध मानला गेला नाही. ते दुःख किती खरेपणाने मांडलं हे पाहिलं गेलं. गेमलाही तोच निकष लावावा. आणि विध्वंसाचा देखावा तेवढा नको, त्यातली व्यवस्थाही दाखवा, अशी मागणी इथे खुद्द चाहतेच करताना दिसतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘फॉलआउट ७६’चा. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या या गेममध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर होते, पडकी घरं होती, यंत्रमानव होते, मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिफिती होत्या. पण इतर खेळाडू सोडले तर बोलायला एकही जिवंत माणूस नव्हता. लोकांनी गेम सपाटून नाकारला. त्यात कंपनीने दोनशे डॉलरच्या विशेष आवृत्तीसोबत कॅनव्हासची पिशवी कबूल करून नायलॉनची दिली, त्याने संतापात भर पडली. जून २०१९ मध्ये ‘वेस्टलँडर्स’ हे मोफत एक्स्पान्शन जाहीर झालं तेव्हा सभागृहात जो जल्लोष झाला, तो नव्या शस्त्रांसाठी नव्हता. या जगात आता माणसं परत येणार, हे ऐकून तो झाला होता. एप्रिल २०२० मध्ये ती माणसं आली. त्यांच्यासोबत वस्त्या आल्या, त्यांची भांडणं आली, त्यांच्या बाजू घेणं आलं. काही जुन्या चाहत्यांना मात्र रितेपणच आवडत होतं. निर्मनुष्य घरात बसून एखादी फीत ऐकण्यातली कातरता त्यांना हरवल्यासारखी वाटली. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. पण ती कातरता कशाची होती? फितीतल्या माणसाच्या आवाजाचीच ना? नुसत्या पडक्या भिंतीने कुणाचं काळीज हललेलं नव्हतं.

चाहत्यांचा प्रत्येक संताप शहाणा असतो असं मात्र मुळीच नाही. ‘होरायझन’ या मालिकेचं ‘बर्निंग शोर्स’ हे एक्स्पान्शन डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं, तेही फक्त प्लेस्टेशन ५ साठी. मूळ गेम जुन्या प्लेस्टेशन ४ वर विकत घेतलेल्यांची तक्रार समजण्यासारखी होती. एप्रिल २०२३ मध्ये ते आल्यावर मात्र नायिकेला एका तरुणीविषयी वाटणाऱ्या प्रेमाच्या प्रसंगावरून कित्येकांनी सूड उगवल्यासारखे शून्य गुण देण्याचा सपाटा लावला. या दोन रागांत फरक केलाच पाहिजे. पहिल्यात दिलेला शब्द आणि जोडलेलं नातं यांचा हवाला आहे. दुसऱ्याला आपल्या पसंतीबाहेरच्या माणसाला त्या जगात जागाच नको आहे. ‘फॉलआउट ३’च्या चाहत्यांनी जग मोठं करायला सांगितलं होतं, हे लोक ते लहान करा म्हणत होते. झुंडीचा दबाव लेखकाचं स्वातंत्र्य मारतो, हा आक्षेप दुसऱ्या प्रकाराला पुरेपूर लागू पडतो. पहिल्याला तो लावणं म्हणजे जाणत्या वाचकाला झुंडीत ढकलणं आहे.

पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा ‘फ्रॉस्टपंक’ या चर्चेत सर्वांत पुढचं पाऊल टाकतो. २०१८च्या या गेममध्ये एकोणिसाव्या शतकात जग गोठत चाललं आहे आणि एका अजस्र उष्णतायंत्राभोवती उरलेली माणसं शहर वसवतात. मुलांना कामाला लावायचं का, रेशन कमी पडलं तर सूप पातळ करायचं की अन्नात भुसा मिसळायचा, असे कायदे खेळणाऱ्याला करावे लागतात. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला यातलं काही परकं वाटणार नाही. जानेवारी २०२० मध्ये याचं ‘द लास्ट ऑटम’ हे एक्स्पान्शन आलं. नेहमीच्या अपेक्षेप्रमाणे त्यात आणखी थंडी, आणखी बर्फ यायला हवा होता. त्याऐवजी कथा मागे गेली, हिमयुगाच्या आधी. ते यंत्र बांधणारे कामगार त्यात आहेत. काम मुदतीत उरकायचं आहे, खड्ड्यातून विषारी वायू येतो, माणसं दगावतात, मग कामगार संपावर जातात आणि पाळी कमी करा, जेवण सुधारा म्हणून बोलणी होतात. खेळणाऱ्यांनी हे मनापासून उचलून धरलं. ज्या यंत्राला आजवर ते केवळ ऊब देणारी वस्तू समजत होते, त्याच्या पायात कुणाचे हात गेले हे त्यांना दिसलं.

बीडमधून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या जोडीला कारखान्याच्या हिशोबात ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम. दरवाढीसाठी कोयता बंद ठेवण्याची आंदोलनं या जिल्ह्याने केली आहेत. साखर हातात आल्यावर फड दिसत नाही, तसंच यंत्र सुरू झाल्यावर खड्डा दिसत नाही. ‘द लास्ट ऑटम’ पाहताना इथल्या खेळाडूला जे लगेच कळेल, ते वॉर्सात बसून गेम बनवणाऱ्यांना अभ्यास करून मिळवावं लागलं असणार.

आणि तरीही हा खेळाडू या बोलण्यात जवळपास नाही. ‘फॉलआउट ३’ आला तेव्हाच मायक्रोसॉफ्टच्या भारतीय शाखेने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो भारतात न आणण्याचं जाहीर केलं. नेमकं काय खटकलं हे कंपनीने सांगितलं नाही. गेममधल्या दोन डोक्यांच्या गाईचं नाव ‘ब्राह्मिन’ आहे, तेच कारण असावं असा अंदाज खेळणाऱ्यांनी बांधला. पाण्यासाठी तहानलेल्या माणसांची ही कथा, तहानेच्या प्रदेशात तेव्हा अधिकृतपणे आलीच नाही. मराठीत तर यातला एकही गेम नाही. पुढचं एखादं एक्स्पान्शन जाहीर होईल, ट्रेलरमध्ये मोडके पूल आणि लाल आभाळ दिसेल, आणि जगभरातले चाहते शस्त्रं, नकाशा, किंमत यांवर हिरिरीने बोलतील. आष्टी-पाटोद्याकडच्या एखाद्या मुलीला त्या वेळी विचारावंसं वाटेल की या वस्तीत टँकर कधी येतो, तो कुणाच्या नावावर आहे, आणि रांगेत शेवटी उभी असलेली बाई कोण?